बेरड : एक शब्द, एक कायदा आणि शाळेचा वर्ग



या व्याख्यानमालेत मी पुष्कळ वर्षं मागच्या रांगेत बसून ऐकत आलो. आज मंडळाने इकडे उभं केलं, त्याबद्दल आभार मानतो. विषय कोणता घेणार असं कार्यवाहांनी विचारलं तेव्हा मी म्हणालो, ‘शाळेत न्याय कसा शिकवावा.’ त्यांना वाटलं, निवृत्त शिक्षक आहेत, नागरिकशास्त्रावर बोलतील. तसंच बोलणार आहे, पण सुरुवात माझ्या एका चुकीपासून करतो.

गोष्ट तीसेक वर्षांपूर्वीची. आपल्या भागातल्या एका गावच्या मराठी शाळेत मी नववीला समाजविज्ञान शिकवत होतो. गोकाकच्या धबधब्याला सहल जायची होती. मॉनिटरकडे मुलांचे पैसे जमा झाले होते आणि ते पाकीट सापडेनासं झालं. मी दार लावून घेतलं आणि दप्तरं तपासायला लागलो. पहिली पिशवी उघडली ती शेवटच्या बाकावरच्या एका मुलाची. तो गावाबाहेरच्या बेरडवाड्यातला. पिशवीत दोन वह्या होत्या आणि फडक्यात बांधलेली भाकरी. पैसे नव्हते. पुढे चारपाच दप्तरं पाहून झाली तोवर मॉनिटरच्याच नकाशाच्या पुस्तकात पाकीट निघालं. वर्ग हसला, मीही हसलो आणि तास पुढे चालू केला.

शाळा सुटल्यावर तो मुलगा माझ्यापाशी आला. म्हणाला, “सर, माझीच पिशवी आधी का बघितली?”

मी म्हणालो, “अरे, शेवटच्या बाकापासून सुरुवात केली, म्हणून.”

ते खोटं होतं. शेवटच्या बाकावर तिघं बसत होते आणि तो मधे बसत होता. त्याच आठवड्यात मी त्या वर्गाला संविधानाचा चौदावा अनुच्छेद शिकवला होता, कायद्यापुढे सगळे समान. त्या मुलाला तो पाठही होता.

मी बरीच वर्षं स्वतःची समजूत घातली की घाईत झालं. पण हात त्याच पिशवीकडे का गेला, याचं कारण घाई हे नव्हतं. माझ्या हाताला कुणीतरी ते शिकवून ठेवलं होतं. ते कुणी शिकवलं, हे शोधायला मी निवृत्तीनंतर बसलो. जे सापडलं ते नागरिकशास्त्राच्या पुस्तकात नव्हतं, पण तिथं असायला हवं होतं. आज तेवढंच सांगणार आहे.

प्रथम शब्दाकडे पाहू, कारण हे साहित्याचं मंडळ आहे.

आपल्या घरांत ‘बेरड’ हा शब्द कसा वापरतात? कितीही बोललं तरी ज्याला काही वाटत नाही, त्याला ‘बेरड झालाय मेला’ म्हणतात. मराठी कोशात बघा, निगरगट्ट, निर्ढावलेला असे अर्थ मिळतील. आता हाच शब्द आपल्या शेजारच्या भाषेत पाहा. कन्नडमध्ये बेड म्हणजे शिकारी, व्याध. ‘बेडर कण्णप्पा’ ही सगळ्या कर्नाटकाच्या श्रद्धेची कथा आहे. शिवाला स्वतःचे डोळे काढून देणारा तो व्याध. १९५४ साली आलेल्या त्याच नावाच्या चित्रपटातून राजकुमार पहिल्यांदा नायक म्हणून पडद्यावर आले, हे इथल्या जुन्या मंडळींना आठवत असेल. म्हणजे एकाच समाजाचं नाव एका भाषेत भक्ताला लागतं आणि तेच नाव दुसऱ्या भाषेत शिवी होतं. आपण दोन्ही भाषा ऐकत वाढलो. तरी ही गोष्ट आपल्या कानाला कधी खटकली नाही.

आणि हा एकच शब्द नाही. लबाड माणसाला आपण भामटा म्हणतो. महाराष्ट्र सरकारच्या विमुक्त जातींच्या यादीत भामटा नावाची जात आहे. त्या यादीत चौदा नावं आहेत. बेरड, बेस्तर, भामटा, कैकाडी, कंजारभाट, कटाबू, बंजारा, राजपारधी, रामोशी, वडार, छप्परबंद वगैरे. ‘विमुक्त’ म्हणजे सोडून दिलेले. कशातून सोडून दिलेले? हा प्रश्न मी नोकरीच्या सगळ्या वर्षांत एकाही विद्यार्थ्याला विचारला नाही, कारण मलाच तो पडला नव्हता.

उत्तर १८७१ च्या एका कायद्यात आहे. इंग्रजांनी त्या वर्षी गुन्हेगार जमातींचा कायदा केला. त्यामागचा विचार असा की, या देशात सुताराचा मुलगा सुतार होतो, विणकराचा विणकर होतो, तसा गुन्हाही काही जातींचा वंशपरंपरागत धंदा आहे. तेव्हा एकेका माणसाचा गुन्हा सिद्ध करत बसायचं कारण नाही, सबंध जमातच गुन्हेगार म्हणून जाहीर करावी. आधी हा कायदा उत्तर हिंदुस्थानात लागू झाला. १९११ साली तो नव्याने करून सगळ्या ब्रिटिश हिंदुस्थानला लावता येईल असा केला, तेव्हा आपला मुंबई इलाखाही त्यात आला. बेळगाव, धारवाड, विजापूर हे जिल्हे त्या वेळी मुंबई इलाख्यात होते. १९२४ साली तो पुन्हा एकत्र करून मांडला गेला.

त्यात काय होतं ते मुलांना सांगावं, कारण तपशील सांगितल्याखेरीज अन्याय कळत नाही. सरकारने गॅझेटात एखाद्या जमातीचं नाव छापलं की झालं. त्या जमातीतल्या माणसांची नावं रजिस्टरात चढत, बोटांचे ठसे घेतले जात. ठरल्या वेळी हजेरी द्यायची. राहण्याची जागा बदलायची किंवा बाहेरगावी जायचं, तर कळवून, परवानगी घेऊन. सरकारला वाटलं तर सबंध जमात उचलून वसाहतीत नेऊन ठेवता येत असे. विजापूर, हुबळी, गदग, सोलापूर इथं अशा वसाहती होत्या. सोलापूरची तारेच्या कुंपणातली वसाहत तर त्या शहरातल्या जुन्या माणसांच्या बोलण्यात अजून येते. वसाहतीतल्या मुलांना आईबापांपासून वेगळं काढून औद्योगिक किंवा सुधार शाळांत ठेवण्याचा अधिकारही त्या कायद्याने सरकारला दिला होता.

या सगळ्याहून एक कलम मला जास्त महत्त्वाचं वाटतं. जमातीला गुन्हेगार ठरवणारी ती अधिसूचना बरोबर की चूक, हे कोणत्याही न्यायालयाला विचारता येणार नाही, असं त्यात लिहिलं होतं. आपण मुलांना न्यायालयांची उतरंड शिकवतो. खाली तालुक्याचं कोर्ट, मग जिल्हा, मग उच्च न्यायालय, मग सर्वोच्च. फळ्यावर शिडी काढतो. या माणसांच्या बाबतीत त्या शिडीची पहिली पायरीच काढून घेतली होती, हे आपण सांगत नाही.

आता याच कायद्याच्या शेजारी दुसरा कायदा ठेवतो. १८७१ चा कायदा झाला तेव्हा व्हाइसरॉयच्या कौन्सिलात जेम्स फिट्झजेम्स स्टीफन हे कायदा सदस्य होते. त्यांनीच पुढच्या वर्षी, १८७२ साली, भारतीय पुरावा कायदा तयार केला. त्या कायद्याचं एक तत्त्व असं आहे की, फौजदारी खटल्यात आरोपी वाईट चालीचा आहे ही गोष्ट एरवी गैरलागू समजावी. त्याने हे कृत्य केलं की नाही तेवढं बघा, आणि केलं असं जो म्हणतो त्याने ते सिद्ध करावं. हा पुरावा कायदा दीडशे वर्षं चालला. २०२४ च्या १ जुलैपासून त्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला, त्यातही ते तत्त्व टिकून आहे.

म्हणजे एकाच माणसाच्या कारकिर्दीत दोन वर्षांत दोन कायदे झाले. एक सांगतो, माणसाची चाल वाईट असली तरी ती पुरावा नाही. दुसरा सांगतो, जन्म हाच पुरावा. पहिला तुमच्या-माझ्यासाठी होता, दुसरा त्या मुलाच्या आज्या-पणज्यांसाठी. नववीच्या वर्गात हे दोन कायदे शेजारी शेजारी मांडले आणि मुलांना फक्त विचारलं, ‘तुम्हाला यात काय दिसतं?’ तर पुढचा तास शिक्षकाला बोलावं लागणार नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की, न्यायव्यवस्थेचा धडा इथून सुरू व्हावा.

मुलांना मग पुढचा प्रश्न पडेल, आणि पडायलाच हवा, की ही माणसं खरोखर कोण होती? आपल्या खेड्यांत तळवार, नाईक ही आडनावं आहेत. तळवार म्हणजे गावाची राखण करणारा. आपल्याकडे बेरडांकडे आणि वर महाराष्ट्रात रामोशांकडे गावाची, किल्ल्याची, वाटेची रखवाली असे. चोरी झाली तर माग काढून देणं हे त्यांचं काम आणि त्याबद्दल वतन, बलुतं. कंपनी सरकार आलं, पोलीस खातं आलं, वतनं गेली. उमाजी नाईकांचं बंड त्यातूनच उठलं आणि १८३२ साली पुण्यात त्यांना फाशी झाली. आपल्या जवळचं उदाहरण हलगलीचं. हे गाव तेव्हा मुधोळ संस्थानात होतं. १८५७ साली हत्यारं जमा करण्याचा हुकूम आला. हलगलीच्या बेडरांनी हत्यारं देणार नाही म्हणून सांगितलं. शिकाऱ्याचं आणि राखणदाराचं हत्यार काढून घ्यायचं म्हणजे त्याच्या हातचं कामच काढून घ्यायचं. फौज आली, गाव जाळलं गेलं, अनेकांना फाशी दिली गेली. त्यावर कन्नडमध्ये लावणी झाली. फ्लीट या इंग्रज अधिकाऱ्याने ती टिपून ठेवली आणि ती कन्नड पाठ्यपुस्तकातही आली. कन्नड शाळेतलं मूल बेडरांना त्या लावणीतून ओळखतं. आपल्या शाळेतलं मूल त्यांना कशातून ओळखतं? घरच्या त्या शिवीतून.

मराठीत वाचायला काही नाही, असं मात्र कुणी म्हणू नये. उलट या बाबतीत आपली भाषा श्रीमंत आहे. लक्ष्मण माने यांचं ‘उपरा’ १९८० चं, लक्ष्मण गायकवाड यांचं ‘उचल्या’ १९८७ चं. दोघांनाही साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. आणि आपल्या दाराशी लिहिलं गेलेलं पुस्तक म्हणजे भीमराव गस्ती यांचं ‘बेरड’, तेही १९८७ चंच. गस्ती यमनापूरचे. बेळगावहून महामार्गाने उत्तरेला निघालं की ॲल्युमिनियमचा कारखाना लागतो, तेच यमनापूर. आपण सगळे तिथून शेकडो वेळा गेलो आहोत. त्या गावातली उपासमार, शिकण्याची धडपड, आणि कुठंही चोरी झाली की आपल्या वस्तीतली माणसं उचलून नेली जाणं, हे त्यांनी लिहिलं. पुढे निपाणीत ‘उत्थान’ संस्थेच्या मार्फत देवदासींच्या पुनर्वसनाचं काम त्यांनी केलं. २०१७ साली ते गेले.

त्यांनी पुस्तकाला नाव दिलं ते आपली शिवीच. ज्या शब्दाने लोक हिणवतात तोच शब्द मुखपृष्ठावर छापून त्यांनी तो परत घेतला. साहित्याच्या मंडळाला याहून वेगळं काय सांगावं! आणि ते त्यांनी मराठीत लिहिलं. बेरडांच्या घरात बहुधा कन्नड बोलतात. सीमाभागात मराठीचं काय होणार म्हणून आपण सभा घेतो. त्या मराठीत ज्याने आपलं दुःख लिहिलं तो यमनापूरचा बेरड आपल्या किती घरांतल्या कपाटात आहे, हे प्रत्येकाने घरी जाऊन बघावं. माझ्या कपाटात ते पुस्तक फार उशिरा आलं, हे कबूल करतो.

आता कायदा गेला कधी? मुंबई राज्याने तो १९४९ साली रद्द केला. देशभरातला १९५२ च्या ३१ ऑगस्टला गेला. म्हणून तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतात. देश स्वतंत्र झाला १५ ऑगस्टला, आणि ही माणसं कायद्याने मोकळी झाली त्यानंतर पाच वर्षं सोळा दिवसांनी. हा हिशेब मुलांना करायला द्यावा.

पण कायदा गेल्यावर त्याच्या जागी सराईत गुन्हेगारांचे कायदे आले. मुंबई राज्याचा १९५९ चा, आपल्या राज्याचा १९६१ चा. या कायद्यांत जातीचं नाव नाही, ज्याला पूर्वी शिक्षा झाली आहे त्या माणसाला ते लागू होतात. पण ठाण्यातला संशय जुन्याच वाटेने चालत राहिला. तुरुंगांच्या नियमावल्यांतून तर विमुक्तांचे उल्लेख गेलेच नाहीत. मुंबईच्या पत्रकार सुकन्या शांता यांनी तुरुंगातल्या जातिभेदावर लिहिलं आणि सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. २०२४ च्या ३ ऑक्टोबरला निकाल लागला. जातीवरून कैद्यांना काम वाटणारे नियम घटनाबाह्य ठरले, कैद्यांच्या रजिस्टरातला जातीचा रकाना काढायला सांगितला, आणि विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानी अटक होणार नाही याची पोलिसांनी काळजी घ्यावी असा आदेश दिला. १९५२ ला सुटलेल्या माणसांसाठी २०२४ ला हे पुन्हा सांगावं लागलं. कायदा एका दिवसात रद्द होतो, त्याने लावलेल्या सवयी मात्र ठाण्यात, शाळेत आणि घरातल्या बोलण्यात राहतात. माझ्या हाताने त्या दिवशी जे केलं ते याच सवयीने केलं.

आपल्या भागाला या विषयात आणखी एक धडा आहे, आणि तो इथल्याइतका दुसरीकडे स्पष्ट दिसणार नाही. कर्नाटकात नायक या अनुसूचित जमातीच्या नोंदीत बेडर, वाल्मीकी ही नावं १९९१ साली जोडली गेली. २०२० साली तळवार आणि परिवार हीही नावं आली. म्हणजे संकेश्वरचा बेडर अनुसूचित जमातीत. गडहिंग्लजचा बेरड मात्र महाराष्ट्रात विमुक्त जातीत. तिथं विमुक्त जातींना राज्याचं तीन टक्के आरक्षण आहे आणि केंद्राच्या लेखी ते इतर मागासवर्गात. वडारांचं पाहा, महाराष्ट्रात विमुक्त, कर्नाटकात भोवी म्हणून अनुसूचित जाती. बंजारा महाराष्ट्रात विमुक्त, इथं लंबाणी म्हणून अनुसूचित जाती, तेलंगणात अनुसूचित जमात. बोली तीच, कुलदैवत तेच, सोयरीक तीच.

याचा परिणाम नुसत्या फीसवलतीवर होत नाही. जातीवरून मारहाण झाली तर संकेश्वरच्या माणसाला १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू होतो. गडहिंग्लजच्या त्याच्या मामेभावाला तो लागू होत नाही, कारण तो अनुसूचित जाती-जमातीत नाही. नदीच्या अलीकडे एक न्याय, पलीकडे दुसरा. सीमारेषा म्हणजे काय, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. आपल्यातल्या तीन पिढ्या १९५६ पासून त्या रेषेबद्दल बोलत आल्या, आपला दावा सर्वोच्च न्यायालयात २००४ पासून पडून आहे. तारखेची वाट बघणं आपल्याला माहीत आहे. म्हणूनच मला वाटतं, या रेषेने बेरडांचं काय केलं हे आपल्याला इतरांपेक्षा लवकर कळायला हवं होतं. आपण स्वतःवरच्या अन्यायाची फाइल नीट लावून ठेवली. शेजारच्या वाड्याची फाइल मात्र कधी उघडली नाही.

जगात इतरत्र हे शिकवतात का? शिकवतात. कॅनडात तिथल्या मूळनिवासी मुलांना घरातून उचलून वसतिशाळांत ठेवत. भाषा विसरायला लावत. आपल्या वसाहतींतल्या शाळांची आठवण यावी अशीच ती गोष्ट. त्यावर सत्य आणि सलोखा आयोग बसला आणि २०१५ साली त्याने चौऱ्याण्णव मागण्या मांडल्या. त्यात एक अशी की, बालवाडीपासून बारावीपर्यंत हा इतिहास शिकवावा. दुसरी अशी की, कायद्याच्या प्रत्येक महाविद्यालयात मूळनिवासी लोक आणि कायदा हा विषय सक्तीचा असावा. ३० सप्टेंबरला तिथल्या शाळांत मुलं नारिंगी सदरे घालून जातात. आपल्यापैकी काहींची नातवंडं टोरांटोकडे आहेत, त्यांनी फोनवर सांगितलं असेल. नातवंडाला तिथल्या मूळनिवासींची नावं माहीत आणि आजोबांना यमनापूर माहीत नाही, असं होऊ नये.

आपल्याकडे आयोग झाले नाहीत असं नाही. मुंबई सरकारने १९२८ साली स्टार्ट समिती नेमली होती. हे स्टार्ट साहेब गुन्हेगार जमातींच्या वसाहतींचेच अधिकारी. त्या समितीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि ठक्करबाप्पा सभासद होते. त्याआधी तीन वर्षं, १९२५ साली, बाबासाहेब निपाणीला बहिष्कृत परिषदेचे अध्यक्ष म्हणून येऊन गेले होते. अलीकडे बाळकृष्ण रेणके यांच्या आयोगाने २००८ साली अहवाल दिला, त्यानंतर भिकू इदाते यांच्या आयोगाने दिला. दोघेही अध्यक्ष मराठी. अहवाल आहेत, शाळेपर्यंत मात्र ते पोचले नाहीत.

मग शिक्षकाने काय करावं? अनुभवाने सांगतो. पहिलं, वर्गात त्या समाजाचं मूल असेल तर त्याला उभं करून ‘तू सांग’ असं म्हणू नये. तो तिथं नमुना म्हणून आलेला नाही. दुसरं, बिचारे, गरीब असा सूर लावू नये. कीव केली की मुलं दोन मिनिटं गप्प बसतात आणि विसरतात. कायद्याचं कलम वाचून दाखवलं तर रागावतात आणि लक्षात ठेवतात. तिसरं, न्यायालयांच्या शिडीबरोबर तिच्यावर पाय कसा ठेवायचा तेही सांगावं. अटक झाली तर कारण सांगावं लागतं, चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभं करावं लागतं, हे बाविसाव्या अनुच्छेदात आहे. वकील परवडत नसेल तर तो फुकट मिळतो. १९८७ च्या कायद्याने जिल्ह्याला आणि तालुक्याला त्यासाठी विधी सेवा केंद्रं आहेत. अनुसूचित जातीजमातींच्या माणसाला तर त्यासाठी उत्पन्नाची अटही नाही. बेळगावच्या कोर्टात ती खोली कुठं आहे, हे दहावीच्या मुलाला ठाऊक असावं. घरचं माणूस ठाण्यात नेलं तर त्या दिवशी आईबरोबर कदाचित तोच एक शिकलेला असेल. चौथं, वर्गात काही हरवलं तर दप्तरं तपासूच नयेत. आणि तपासायची वेळ आलीच तर शिक्षकाने सुरुवात स्वतःच्या पिशवीपासून करावी.

मंडळाकडेही एक मागणं आहे. आपण दरवर्षी शाळांसाठी निबंधस्पर्धा घेतो. येत्या ३१ ऑगस्टला ‘बेरड’ हे पुस्तक तालुक्यातल्या प्रत्येक मराठी शाळेच्या ग्रंथालयात पोचवावं आणि त्यावर मुलांचं लेखन मागवावं. एवढ्या खर्चाला मंडळ समर्थ आहे. आणि घरात कुणी कुणाला ‘बेरड’ म्हणून रागावलं तर थांबवावं, लहान मुलांसमोर थांबवावं. या दुसऱ्या कामाला तर खर्चही नाही.

तो मुलगा दहावी होऊन गेला. चांगले गुण मिळवून गेला. तो प्रश्न त्याने पुन्हा विचारला नाही आणि मीही कधी काढला नाही. त्याचं खरं उत्तर असं होतं की, तुझ्या पणजोबांचं नाव सरकारने एका रजिस्टरात लिहिलं, ते रजिस्टर बंद झालं, पण माझ्या डोक्यात ते उघडंच होतं. हे त्याला तेव्हाच सांगायला हवं होतं. सांगितलं असतं तर त्या वर्षी त्या वर्गाला समाजविज्ञान खरोखर शिकवलं, असं म्हणता आलं असतं.